आम्ही किल्ल्यावयले

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात. होड्या ओढून वर घेतात, त्यांच्यावर ताडपत्र्या चढतात आणि तिकीट फाडणारा पोरगा एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवतो, 'किल्ला बंद'. पुण्याकडून, कोल्हापुराकडून उशिरा आलेली मंडळी तो पुठ्ठा वाचून हळहळतात. धक्क्याच्या टोकाला जाऊन किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि जेवायला हॉटेल शोधतात. मीही दर वर्षी त्या पुठ्ठ्यापाशी घडीभर थांबतो. माझ्यासोबत तांदळाचं पोतं, डाळ, गूळ, कांदे, चहापावडर, वहिनीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं आणि गॅसचा सिलिंडर असतो. किल्ला बंद होतो त्याच सुमाराला आमचा आतला भरणा पुरा व्हायचा असतो.

माझ्या आवशीला तो शब्द मुळीच आवडत नसे. एकदा ती तिकीटवाल्याला म्हणाली होती, "दर्यो बंद जालो म्हणान लिव. किल्लो कसो बंद जातलो? आमची चूल पेटता ना थय?" पोरगा हसला. पुठ्ठा तसाच राहिला.

मी सिंधुदुर्ग किल्ल्यात जन्मलो. हे सांगितलं की समोरचा माणूस थोडा मागं सरकून माझ्याकडे बघतो, जसा काही मी तोफेच्या गोळ्यासारखा तिथं सापडलेला ऐवज आहे. "म्हणजे आत? आत माणसं राहतात?" राहतात. आज पंधरा-वीस घरं असतील. माझ्या लहानपणी याहून जास्त होती. आजो सांगायचा, आपले वाडवडील तटावरच्या पहाऱ्याचे. राज्यं बदलली, पहारा उठला, पहारेकरी तिथंच राहिले. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, आणि जायचं तरी कुठं?

आमच्या बोलण्यात 'सिंधुदुर्ग' हा शब्द नव्हता. मालवणातले लोक आम्हाला 'किल्ल्यावयले' म्हणत, आणि आम्ही घराला 'किल्लो'. 'बेट' हा शब्दही मी घरात कधी ऐकला नाही. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात; कालावलच्या खाडीत खोतजुवा आहे, पाणखोल जुवा आहे, तिथली माणसं होडीतून बाजाराला येतात. पण किल्ल्याला कुणी जुवा म्हटलेलं मी ऐकलं नाही. शाळेत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी बेटाची व्याख्या सांगितली, चारही बाजूंनी पाणी वगैरे, आणि वर्गाला म्हणाले, हा बघा, हा बेटावर राहतो. सगळ्या मुलांनी माझ्याकडे वळून बघितलं. घरी येऊन मी आवशीला विचारलं तर ती म्हणाली, "बेट खयचा? गुरुजींका सांग, आमी किल्ल्यार रवतंव."

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. बेटावर घर म्हणजे खिडकी उघडली की लाटा, असं लोकांना वाटतं. आमच्या खिडकीतून माड दिसतात, पडके चौथरे दिसतात आणि त्यापलीकडे तट. तट सुमारे तीस फूट उंच. समुद्र चोवीस तास ऐकू येतो, पण बघायचा तर जिना चढून तटावर जावं लागतं. त्यामुळे समुद्र ही आम्हाला मुद्दाम जाऊन बघायची गोष्ट होती आणि आम्ही ती फार क्वचित मुद्दाम जाऊन बघत असू. आवस मात्र रोज संध्याकाळी तटावर चढायची. ती समुद्र बघायला जात नसे. का जायची ते पुढे सांगतो.

शाळेसाठी मला मामाकडे ठेवलं होतं, दांडीला. दांडी म्हणजे मालवणचा किनारा, किल्ल्याच्या समोरचा. मधे पाणी जेमतेम अर्धा मैल. पहिल्या दिवशी मी मामाच्या खळ्यातून पळत वाळूवर गेलो आणि आमचं घर शोधू लागलो. घर दिसेना. आमचा माड दिसेना, भवानीचं देऊळ दिसेना, आवशीचं वाळत घातलेलं लुगडं दिसेना. नुसती काळी भिंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्या भिंतीला दार नाही. मी सहा वर्षांचा होतो. मला वाटलं, मी निघून आल्यावर दार बुजवलं. मी रडायला लागलो आणि मामाला काही केल्या कारण कळेना.

ते दार तसंच बांधलेलं आहे. दोन बुरुजांच्या वळणात ते असं लपवलं आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तिथं वाट आहे हे उमगू नये. गडांच्या पुस्तकात याला गोमुखी रचना म्हणतात. आजो म्हणायचा, "हयसर येतलो तो पयल्यांदा भिंतीक भेटतलो, मगे दाराक." तो हे शत्रूविषयी सांगायचा. मला मात्र पुढे जो जो बाहेरचा माणूस भेटला त्या प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं वाटत आलं.

पहिला बाहेरचा माणूस म्हणजे खुद्द शिवाजी महाराज. असं म्हटलं की काही जणांना राग येतो, पण विचार करून बघा. १६६४ साली जानेवारीत सुरत मारून आलेला राजा त्याच वर्षाच्या अखेरीस मालवणच्या किनाऱ्यावर उभा राहून समोरच्या कुरटे नावाच्या खडकाकडे बघतो. जंजिऱ्याचा सिद्दी डोक्यात, गोव्याचा फिरंगी डोक्यात, इंग्रज डोक्यात. त्याला तिथं आरमाराचं ठाणं दिसलं. त्याच खडकाकडे दांडीचे गाबीत पिढ्यान्‌पिढ्या बघत होते आणि त्यांना तिथं काय दिसत असेल? ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांना चिकटलेली कालवं, आणि ज्यांच्यावर होडी फुटते ते पाण्याखालचे धोंडे. हेच धोंडे महाराजांच्या कामी आले. वाट माहीत असलेल्या नाखव्याशिवाय परकं जहाज किल्ल्यापर्यंत येऊ शकत नाही, ही या जागेची खरी ताकद, आणि ही माहिती राजाला कुणा स्थानिकानंच दिली असणार. जागा हेरून देणाऱ्या कोळ्यांना इनामं मिळाली असं बखरी सांगतात. बखरींवर किती विसंबायचं हा जाणकारांचा प्रश्न, पण हे मला पटतं. किल्ला राजाच्या नजरेतून आणि कोळ्याच्या माहितीतून उभा राहिला. एकाला खडक उपयोगाचा दिसला, दुसऱ्याला त्याच्याकडे जायची वाट ठाऊक होती.

पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात झाली. तिची पूजा किल्ल्यावर नव्हे, किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. गणपती, सूर्य, चंद्र कोरलेला तो खडक आजही मालवणात आहे, आणि किल्ला बघायला येणाऱ्या शंभरातले नव्वद तो न बघता परत जातात. तीन वर्षांत काम झालं. पायात शिसं ओतलं, हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम पाहिलं, ४८ एकरांभोवती तट फिरला. हे सगळं गाईड सांगतात, मी कशाला सांगू?

दुसरे बाहेरचे इंग्रज. त्यांच्या कागदांत मालवण म्हणजे चाच्यांचं बंदर. आमच्या आज्याला हे कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा त्यानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "चाचे म्हणजे?" चोर, समुद्रातले, असं सांगितल्यावर म्हणाला, "आणि त्यांची गलबतां हय कित्याक इली होती? देवदर्शनाक?" आज्याचं अर्थकारण एवढंच होतं, पण मला त्यात खोट दिसत नाही. पोर्तुगीज दीडशे वर्षं प्रत्येक गलबताकडून कर्ताझ नावाचा परवाना मागत होते. परवाना नसेल तर गलबत जप्त. ते करणारे दर्यावर्दी आणि कोल्हापूरकरांच्या आरमारानं तेच केलं की चाचेगिरी. अर्थात ज्या व्यापाऱ्याचा माल लुटला गेला त्याला या युक्तिवादाचा काही उपयोग नव्हता, हेही खरं. आज्याला हे सांगितलं असतं तर त्यानं सुपारीचा डबा बंद केला असता.

१७६५ साली मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी किल्ला घेतला. तेव्हा कोल्हापुरात जिजाबाई कारभार बघत होत्या. इंग्रजांनी किल्ल्याला नवं नाव दिलं, फोर्ट ऑगस्टस. मग आत शिरून हिशेब केला. ठेवावा तर उत्पन्न नाही, पाडावा तर तट इतका जाड की पाडायचा खर्च परवडत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला आणि बदल्यात ३,८२,८९६ रुपये ठरवून घेतले. हा शेवटचा शहाण्णवचा आकडा मला फार आवडतो. कुणीतरी बसून किल्ल्याची पैपर्यंत किंमत काढली होती. मी किल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघितलं, फोर्ट ऑगस्टस हे नाव एकालाही ठाऊक नव्हतं. वर्षभर आमच्या घराचं नाव बदललं होतं आणि घरच्यांना पत्ता नाही.

१८१२ च्या तहानं मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. पुढे १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर निघाला. त्यात किल्ल्याची मापं आहेत, आणि देवळातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला चांदीचा, सणाला सोन्याचा मुखवटा घालतात हेही त्या साहेबानं नोंदवलं आहे. नोंद चोख आहे. मी ती मुंबईच्या एका ग्रंथालयात वाचली तेव्हा किल्ल्यापासून तीनशे मैलांवर बसून मला मुखवट्यावर वाहिलेल्या अनंताच्या फुलांचा वास आला.

त्या मूर्तीविषयी सांगायला हवं. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आमच्या वस्तीच्या मधोमध आहे. आतली मूर्ती बसलेली, दाढी नाही, डोक्यावर जिरेटोप नाही, कोळ्यासारखी टोपी. बाहेरून येणाऱ्याच्या मनात महाराज पक्के असतात: दाढी, जिरेटोप, तलवार, बहुतेक वेळा घोडा. तो गाभाऱ्यापाशी येतो, वाकून बघतो आणि मागं वळून विचारतो, "महाराज कुठे आहेत?" मी हा प्रश्न लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे दोन प्रकारही मला कळतात. एक निरागस, दुसरा फसवलं गेल्यासारखा. एका गृहस्थांनी तर ही मूर्ती बदलली पाहिजे असं ऐकवलं. माझा भाऊ देवळाजवळ शहाळी विकतो, तो म्हणाला, "तुमचे महाराज गडावरचे. हे आमचे, दर्यातले." गृहस्थ काही बोलले नाहीत, पण शहाळं न घेता गेले. आम्हाला ती मूर्ती इतिहासाची वाटलीच नाही कधी. पोराला ताप आला की तिथं नारळ ठेवायचा, होडी नवी केली की तिथं गाऱ्हाणं घालायचं. मी मुंबईला निघालो तेव्हा आवशीनं मला तिथंच उभं करून गाऱ्हाणं घातलं होतं.

पाण्याचंही तसंच. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी किल्ल्यात आहेत आणि चहूकडे खारं पाणी असून त्यांना गोडं पाणी आहे. गाईड इथं आवाज खाली आणतात, पर्यटक ओंजळीत घेऊन चाखतात, चमत्कार म्हणतात. पावसाचं पाणी बेटात मुरतं आणि खाऱ्या जड पाण्यावर हलकं गोडं पाणी तरंगून राहतं, एवढीच ती गोष्ट. पण हे शास्त्र न शिकलेल्या बायकांना त्याचा नियम पाठ होता: वैशाखात एकदम उपसायचं नाही. सकाळी ठरलेल्या कळश्या, संध्याकाळी ठरलेल्या. जास्त ओढलं तर खालचं वर येतं. एकदा लग्नघरच्या लोकांनी एका दिवसात भरमसाट उपसा केला तर पुढे किती दिवस चहा मचूळ लागत होता. चमत्काराला असा हिशेब ठेवावा लागत नाही.

फांद्या फुटलेला माड बघायलाही लोक यायचे. माडाला फांदी फुटत नाही, हा फुटलेला होता आणि त्याला नारळही धरायचे. वीज पडून त्याचं एक टोक गेलं. त्यानंतरही कित्येक वर्षं लोक होडीतून उतरल्या उतरल्या त्याची चौकशी करायचे. आवस म्हणायची, जी शेकडो माडं सरळ वाढली आणि घर पोसलं त्यांची विचारपूस कोण करता?

आता तिचं तटावर जाणं.

आवशीचं माहेर दांडीला. मी ज्या मामाकडे शिकलो ते घर. लग्नाआधी ती सोळा वर्षं किनाऱ्यावरून किल्ला बघत होती, लग्नानंतर पन्नास वर्षं किल्ल्यावरून किनारा. ती म्हणायची, माहेरी असताना मला वाटायचं किल्ल्यावर लोक भुतासारखे राहत असतील, दिवा नाही, धूर नाही. इथं आल्यावर कळलं की तट आडवा येतो. आणि इथून मात्र पलीकडचं सगळं दिसतं: कुणाच्या घरातून धूर निघाला, कुणाची होडी वाळूवर आहे, रापण ओढायला कोण कोण जमलं. ती रोज संध्याकाळी पूर्वेच्या तटावर जाऊन माहेरचा धूर बघायची आणि खाली येऊन आमच्या चुलीवर भात ठेवायची. नारळी पौर्णिमेला पलीकडे बंदरावर माणसांचा समुद्र लोटतो, बायका नारळ लढवतात. आम्ही पोरं तटावर बसून ती जत्रा बघायचो. त्या दिवशी सगळं मालवण समुद्राकडे तोंड करून उभं असतं, म्हणजे आमच्याकडे. आम्हाला वाटायचं, नारळ आमच्यासाठीच टाकताहेत.

एका आषाढात, मी नववीत असेन, सुट्टीला म्हणून किल्ल्यावर आलो आणि दर्या असा उठला की अडकलोच. दहा-बारा दिवस उघाडी नाही. एका सकाळी आवस तटावरून खाली आली ती भिजलेली. म्हणाली, पलीकडे आपल्या घराकडे माणसां जमली हत. मी वर गेलो. पावसाच्या पडद्यातून दांडीच्या माडांखाली माणसं दिसत होती, ठिपक्यांएवढी. पांढरी. ती हलत नव्हती. मग एक रांग झाली आणि वाळूवरून उत्तरेकडे गेली. आवस तटाला हात टेकून उभी होती. कोण गेलं हे तिला इथून कळणं शक्य नव्हतं. घरात तिची आई होती, बाप होता, थोरला भाऊ होता. बापूस म्हणाला, होडी घालतो. दोघं-तिघं दारापर्यंत गेले आणि पाण्याकडे बघून परत आले. त्या रात्री ती जेवली नाही आणि रडलीही नाही, कारण कुणासाठी रडायचं ते ठरलं नव्हतं. आठव्या दिवशी जरा उघाडी मिळाली, होडी गेली, आणि कळलं की तिची आई. दिवसांतले उरलेले दिवस ती तिकडे राहिली.

गाईड लोक एक भुयार सांगतात. देवळाखालून निघून समुद्राच्या तळाखालून कित्येक कोस पलीकडे कुठल्याशा गावात निघतं म्हणे. पर्यटक फार लक्ष देऊन ऐकतात. मी कुणाला खोडून काढत नाही, त्यांच्या पोटावर का या? पण तो विषय निघाला की मी तिथून उठतो. आठ दिवस आवस तटावर उभी होती.

मॅट्रिकनंतर मी मुंबईला गेलो. तेव्हा रेल्वे नव्हती, बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. बोट मालवणातून सुटली की किल्ला डावीकडे, उजवीकडे असा फिरत मागं राहतो आणि शेवटी आडव्या रेषेएवढा होतो. गोदीत बत्तीस वर्षं नोकरी केली. त्या काळात १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि दक्षिणेच्या जिल्ह्याला आमच्या किल्ल्याचं नाव मिळालं. ऑफिसातले लोक पेढे मागू लागले. मला मजा वाटली ती याची, की जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं ओरोस; तिथंच पुढे सिंधुदुर्गनगरी वसली, आणि तिथून समुद्र दिसतही नाही. सिंधूतला दुर्ग फायलीत जाऊन बसला. १९९७ मध्ये हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, दुसऱ्या वर्षी कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, आणि मग होड्यांची रांग लागली.

निवृत्त होऊन परत आलो तो दिवस सांगण्यासारखा आहे. दोन बॅगा घेऊन धक्क्यावर आलो. होडीवरचा पोरगा नवा, मला ओळखत नव्हता. त्यानं तिकीट फाडलं, हात धरून मला होडीत बसवलं आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "काका, एका तासात परत या, नाहीतर होडी चुकेल." आपल्याशी कुणी शुद्ध बोलायला लागलं की समजावं, आपण परके झालो. मी म्हणालो, "मी परत येवचंय नाय. मी घराक चल्लंय." पोरगा चपापला, तिकिटाचे पैसे परत द्यायला लागला. मी घेतले नाहीत. खरं सांगायचं तर होडी निघाल्यावर मी किल्ल्याकडे बघत होतो आणि दार कुठल्या वळणात आहे ते मला चटकन दिसलं नाही. बत्तीस वर्षांत माझीही नजर किनाऱ्यावरची झाली होती. तो तास त्या पोरानं मला उगाच दिला नव्हता.

मी नसतानाच्या काळात आणखी एक नवी नजर आली होती, ती पाण्याखालून. १९८० च्या आसपास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ असल्याचं नोंदवलं. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा म्हणजे किल्ला आणि शेजारच्या पद्मगडाभोवतीचं पाणी. गावानं विरोध केला. मच्छीमारांचं म्हणणं साधं होतं: ज्या पाण्यावर आमची चूल पेटते तिथं आम्हीच परके कसे? मला दोन्ही बाजू कळतात आणि त्याचा त्रास होतो. ज्याला शास्त्रज्ञ प्रवाळ म्हणतात त्याला आम्ही धोंडे म्हणत होतो, जाळं फाडणारे धोंडे. राणीच्या वेळेवर, म्हणजे तटाबाहेरच्या त्या इवल्या पुळणीवर, ओहोटीला कालवं फोडताना आम्ही त्यांच्यावर बिनदिक्कत पाय देत असू. ते जिवंत आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता किल्ल्यामागच्या पाण्यात स्कुबावाल्यांच्या होड्या उभ्या असतात, दांडीतलीच पोरं पर्यटकांचा हात धरून त्यांना तळाशी नेतात आणि तेच धोंडे दाखवतात. धोंड्यांना भाव आला. एक पोरगा मला म्हणाला, काका, माझ्या आज्यानं या धोंड्यांना जन्मभर शिव्या घातल्या आणि मी त्यांच्यावर घर बांधलं. त्याच वेळी नांगर टाकून ते धोंडे मोडतात तेही आमच्यातलेच. तेव्हा स्थानिक माणूस जपतो आणि बाहेरचा नासवतो, असं माझ्याच्यानं म्हणवत नाही.

गेल्या वर्षीची, २०२५ ची गोष्ट. जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले लागले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात सिंधुदुर्ग. बातमी आली तेव्हा किल्ला बंद होता. बाहेर धो धो पाऊस, दर्याचा आवाज असा की फोनवर बोलणं ऐकू येईना. मुंबईहून पुतण्या ओरडून सांगत होता, "काका, आपलं घर जागतिक वारसा झालं." मी वहिनीला सांगितलं. ती कणगीखाली आलेलं पाणी पुसत होती. चार दिवसांपूर्वीच्या वाऱ्यात मधल्या घराची कौलं सरकली होती, दोन फुटली होती.

"म्हणजे आता काय जातला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, जगभरातून लोक येतील. लक्ष राहील सगळ्यांचं. संरक्षित जागा आहेच, ती आणखी जपतील.

"ता ऱ्हवांदे. फुटलेली कौलां बदलूक गावतली ना?"

मी म्हणालो, विचारावं लागेल. उघाडी मिळाली की पलीकडे जाऊन विचारून येतो. तिनं मान हलवली, गळतीखालचं पातेलं भरलं होतं ते उचलून दाराबाहेर ओतलं आणि परत त्याच जागी ठेवलं.